क्लोरेटची बाटली आणि गोव्याचा पावसाळा

उच्च माध्यमिक विद्यालयाच्या किंवा कॉलेजच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत सहाय्यक म्हणून नव्याने रुजू झालेल्यांसाठी हे लिहितो आहे. नव्या शिक्षकांनाही उपयोग होईल. विषय आहे स्फटिकजल असलेली, म्हणजे स्फटिकातच पाणी बसलेली लवणं, आणि त्यातही क्लोरेट, म्हणजे जळणाऱ्या वस्तूला ऑक्सिजन पुरवणारी लवणं. बाटलीवर 'थंड व कोरड्या जागी ठेवा' असं छापलेलं असतं. पण पणजीत जुलैमध्ये सापेक्ष आर्द्रता ८५ ते ९० टक्क्यांच्या घरात असते आणि कपाटात ठेवलेल्या चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी धरते. अशा हवेत त्या सूचनेचं काय करायचं, ते इथे प्रत्यक्ष काम करणाऱ्यानेच ठरवावं लागतं.

मुद्दा आधीच सांगून टाकतो. लवणात पाणी आहे म्हणून ते सौम्य, ओलं आहे म्हणून ते पेटणार नाही, असं क्लोरेटच्या बाबतीत कधीही धरून चालू नका. ओल क्लोरेटला बाटलीबाहेर काढते, फळीत आणि कपड्यात मुरवते. पुढे ऊन पडलं की ते तिथेच वाळतं. खरा धोका त्या वाळलेल्या जागी असतो.

आधी ठिपक्यानंतरचा आकडा वाचा

मोरचुदाच्या बाटलीवरचं सूत्र बघा. कॉपर सल्फेटचं सूत्र संपलं की एक ठिपका आणि त्यापुढे पाण्याचे ५ रेणू. हे पाणी स्फटिकाच्या रचनेतच बसलेलं असतं. ते बाहेरून लागलेली ओल नव्हे. हाताला खडे कोरडे लागतात, तरी वजनाचा ३६ टक्के भाग पाण्याचा असतो. धुण्याच्या सोड्यात १० रेणू, म्हणजे जवळजवळ ६३ टक्के पाणी. एप्सम सॉल्टमध्ये ७ रेणू, वजनाने निम्म्याहून थोडं जास्त. तुरटीत १२.

हा आकडा वाचायचा राहिला की द्रावणाचा हिशेब चुकतो. २५० मिलिलिटर ०.१ मोलर कॉपर सल्फेट करायचं आहे असं समजा. स्फटिकी मोरचुदाचं रेणुवस्तुमान २४९.७ धरून ६.२४ ग्रॅम लागतात. निर्जल मिठाचं १५९.६ धरलं तर हिशेब ३.९९ ग्रॅमचा येतो. निळे खडे ३.९९ ग्रॅम घेतले तर द्रावण ०.०६४ मोलर होतं, म्हणजे हवं त्यापेक्षा ३६ टक्के कमी. मुलं मग ब्युरेट दोष देतं की पिपेट, हे शोधत बसतात.

बारावीच्या टायट्रेशनला हिराकस (फेरस सल्फेट) न वापरता मोहर सॉल्ट (फेरस अमोनियम सल्फेट) वापरतात. हिराकसाचे हिरवे खडे दमट हवेत ऑक्सिडाइझ होऊन पिवळट तपकिरी पडतात, मोहर सॉल्ट त्यामानाने टिकून राहतं. ०.०५ मोलरचं २५० मिलिलिटर द्रावण करायला ४.९० ग्रॅम घ्या. थेट पाण्यात टाकू नका, आधी थोडं विरल सल्फ्युरिक आम्ल घातलेल्या पाण्यात विरघळवा, मग खुणेपर्यंत पाणी भरा. आम्ल नसेल तर द्रावण गढूळ होऊन पिवळं पडतं.

काही लवणं पाणी ओढतात, काही सोडतात

आगरवाड्याच्या, हडफड्याच्या किंवा रायबंदरच्या मिठागरातलं जाडं मीठ ज्यांच्या घरी असतं त्यांना निम्मी गोष्ट ठाऊक आहे. मे महिन्यात पुरुमेंताबरोबर, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीबरोबर, आणलेलं मीठ जूनच्या पहिल्या पावसानंतर बरणीत पाझरू लागतं. याला सोडियम क्लोराईड फारसं कारणीभूत नसतं. शुद्ध सोडियम क्लोराईड सुमारे ७५ टक्के आर्द्रतेपर्यंत कोरडं राहतं. समुद्राच्या पाण्यातून त्याच्यासोबत आलेलं मॅग्नेशियम क्लोराईड मात्र २५ अंश सेल्सिअसला ३३ टक्के आर्द्रतेलाच हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं. गोव्यात ३३ टक्क्यांच्या खाली हवा क्वचितच जाते. म्हणून मॅग्नेशियम क्लोराईड किंवा कॅल्शियम क्लोराईडची बाटली इथे उघडी राहिली तर तिच्यात वर्षभरात केव्हाही डबकं सापडतं.

उलट बाजूही आहे. धुण्याच्या सोड्याचे पारदर्शक खडे डिसेंबर-जानेवारीत, जमिनीकडून कोरडा वारा यायला लागला की, वरून पांढरे पिठूळ होतात. त्यांचं पाणी उडतं आणि एक रेणू पाण्याचं लवण उरतं. तीच बाटली, तेच लेबल, पण आता त्यातल्या १ ग्रॅममध्ये सोडियम कार्बोनेट जास्त आहे. त्या पुडीचं वजन लेबलवरच्या सूत्राने धरू नका.

यावरून एक सवय लावून घ्या. स्फटिकजल असलेली लवणं 'सुकी राहावीत' म्हणून डेसिकेटरमध्ये ठेवू नका. तिथलं शोषक हवेतलं पाणी ओढता ओढता स्फटिकातलंही पाणी काढून घेतं. डेसिकेटर निर्जल पदार्थांसाठी आणि तापवून थंड करायच्या क्रुसिबलसाठी. स्फटिकी लवणांना घट्ट आट्यांचं झाकण, वरून पॅराफिल्म आणि शक्यतो भरलेली लहान बाटली पुरते. अर्धा किलोची एक बाटली वर्षभर उघडत राहण्यापेक्षा मे महिन्यात ती १०० ग्रॅमच्या बाटल्यांत वाटून ठेवा आणि एका वेळी एकच वापरात काढा. पावसाळ्यात या एका कामाने जेवढं रसायन वाचतं तेवढं दुसऱ्या कशाने वाचत नाही.

सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की ओले झाले, हे सगळ्यांना माहीत असतं. तो रंग कोबाल्ट क्लोराईडचा: निर्जल असताना निळा, ६ रेणू पाणी घेतलं की गुलाबी. कोबाल्टची लवणं विषारी असल्यामुळे नवीन खरेदीत नारिंगी दाण्यांचं जेल मागवा.

आता क्लोरेट

क्लोरेटमध्ये एका क्लोरिनला ३ ऑक्सिजन जोडलेले असतात. हे ऑक्सिजन तो सहज देऊन टाकतो. जळणाऱ्या वस्तूला हवेची वाट बघावी लागत नाही, क्लोरेट जवळ असला की ऑक्सिजन तिथेच मिळतो. क्लोराईडला हा गुण अजिबात नाही. म्हणून लेबलवरचं शेवटचं अक्षर नीट वाचा. पोटॅशियम क्लोराईड आणि पोटॅशियम क्लोरेट दोन्ही पांढरे, दोन्ही स्फटिकी, बाटल्या एकाच कंपनीच्या, झाकणाचा रंगही तोच. क्लोरेटच्या प्रत्येक बाटलीवर लाल पट्टी चिकटवा आणि मराठीत ठळक अक्षरांत 'ऑक्सिडायझर' लिहा. सफाईला येणाऱ्या ताईंनाही वाचता आलं पाहिजे.

शाळा-कॉलेजात बहुधा सापडतो तो पोटॅशियम क्लोरेट. त्यात स्फटिकजल नसतं आणि तो हवेतलं पाणी फारसं ओढत नाही. २० अंशाला १०० मिलिलिटर पाण्यात जेमतेम ७ ग्रॅम विरघळतो. सोडियम क्लोरेटही निर्जल, पण तो पाण्यात भरपूर विरघळतो, १०० मिलिलिटरमध्ये १०० ग्रॅमच्या आसपास, आणि दमट हवेत ओला होतो. स्फटिकजल दिसतं ते दुसऱ्या धातूंच्या क्लोरेटमध्ये. बेरियम क्लोरेटमध्ये १ रेणू, कॅल्शियम क्लोरेटमध्ये २, मॅग्नेशियम क्लोरेटमध्ये ६. धातूचा आयन लहान आणि त्यावरचा भार जास्त असला की तो पाण्याचे रेणू भोवती घट्ट धरतो. मॅग्नेशियम आणि बेरियममधला फरक त्यातून येतो.

मॅग्नेशियम क्लोरेट जरा जवळून बघण्यासारखा आहे. रेणुवस्तुमान २९९.३, त्यातलं ३६ टक्के पाणी, म्हणजे प्रमाण जवळजवळ मोरचुदाइतकंच. पण मोरचुदाचा खडा टेबलावर वर्षभर पडून राहिला तरी खडाच राहतो. मॅग्नेशियम क्लोरेट हवेतलं पाणी ओढतो, शिवाय ३५ अंशाच्या आसपास स्वतःच्याच स्फटिकजलात वितळतो. एप्रिल-मेमध्ये फोंडा, सांगे, वाळपई भागात पत्र्याखालच्या स्टोअररूममध्ये ३५ अंश ही काही विशेष गोष्ट नाही. म्हणजे हा पदार्थ उन्हाळ्यात वितळून आणि पावसाळ्यात पाणी पिऊन, दोन्ही वेळा बाटलीच्या झाकणापर्यंत पोचतो. आट्यांमध्ये पांढरी खपली दिसली, बाटलीच्या बुडाशी फळीवर गोल डाग दिसला, तर समजा की तो बाहेर आलेला आहे.

शाळेच्या प्रयोगशाळेत मॅग्नेशियम, बेरियम किंवा कॅल्शियम क्लोरेटचं काहीच काम नाही. मागवू नका.

हे पदार्थ लागतात कुठे

मुलं विचारतात, म्हणून उत्तर माहीत असावं. सोडियम क्लोरेटचा सर्वात मोठा खप कागद उद्योगात आहे. त्यापासून क्लोरिन डायऑक्साइड बनवून लगदा पांढरा करतात. तणनाशक म्हणूनही तो बरीच वर्षं वापरला गेला. मॅग्नेशियम क्लोरेट सोव्हिएत काळात मध्य आशियातल्या कापसाच्या शेतांत फवारत. पानं गळून पडली की यंत्राने बोंडं काढणं सोपं जातं. पोटॅशियम क्लोरेट काडेपेटीच्या काडीच्या टोकाला असतो. तांबडा फॉस्फरस पेटीच्या बाजूच्या पट्टीवर असतो. दोघांना वेगळं ठेवलं म्हणूनच ती काडी सुरक्षित.

बेरियम क्लोरेट शोभेच्या दारूत हिरव्या रंगासाठी वापरत. आपल्याकडे जत्रेला आणि फेस्ताला दारूकाम होतं, त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी येतोच. दोन गोष्टी ठामपणे सांगा. गंधक आणि क्लोरेट एकत्र असलेली फटाक्यांची मिश्रणं भारतात १९९२ पासून बंद आहेत, कारण ती नुसत्या घर्षणाने उडतात. आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फटाक्यांत बेरियमची लवणं वापरायला मनाई केली. बेरियमची विरघळणारी लवणं विषारी असतात. नरकासुराच्या दिवसांत कुणी 'थोडंसंच हवं, सर' म्हणत आलं, मग तो कितीही हुशार आणि ओळखीचा मुलगा असो, कपाट उघडायचं नाही.

क्लोरेटची एक बातमी मात्र मुलांना आनंदाने सांगावी अशी आहे. २०१५ मध्ये मंगळाच्या उतारांवरच्या काळसर रेषांचा वर्णपट तपासताना लुजेंद्र ओझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना स्फटिकजल असलेल्या लवणांच्या खुणा मिळाल्या, आणि मॅग्नेशियम क्लोरेटशी त्या जुळत होत्या. मॅग्नेशियम आणि सोडियमच्या परक्लोरेटशीही. अशी लवणं पाण्याचा गोठणबिंदू शून्याच्या पुष्कळ खाली नेतात. त्या रेषा वाहत्या पाण्याच्या की घसरत्या कोरड्या वाळूच्या, यावर नंतर वाद झाला. पण पाणी धरून ठेवण्याचा हा गुण तिथल्या थंडीत कुतूहलाचा ठरतो, आणि गोव्याच्या कपाटात डोकेदुखीचा.

कपाट लावणं

बऱ्याच ठिकाणी बाटल्या इंग्रजी वर्णक्रमाने लावलेल्या असतात. शोधायला सोपं जातं, पण त्या क्रमात फॉस्फरस आणि पोटॅशियम क्लोरेट शेजारी येतात, सोडियम क्लोरेट आणि गंधक यांच्यातही फार अंतर राहत नाही. नव्या माणसाने रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात हे मोडावं. वर्णक्रम ठेवायचा तर एकेका गटाच्या आत ठेवा.

क्लोरेटसाठी वेगळं, कुलूप लागणारं लोखंडी कपाट घ्या. लाकडी फळी नको, कागद अंथरलेला नको, वर्तमानपत्र तर नकोच. बाटली काचेच्या किंवा जाड प्लास्टिकच्या ट्रेमध्ये उभी करा, म्हणजे पाझरलं तर ट्रेमध्येच राहील. झाकण प्लास्टिकचं, आट्यांचं. बुचाचं किंवा रबराचं नको. घासून बसणारं काचेचं झाकणही नको, कारण आत खपली धरली की ते फिरवताना नेमकं घर्षण होतं. त्या कपाटात गंधक, फॉस्फरस, कोळसा, धातूंची पूड, साखर, स्टार्च, स्पिरिट यांतलं काहीही नसावं. आम्लंही नकोत: संहत सल्फ्युरिक आम्ल क्लोरेटवर पडलं तर क्लोरिन डायऑक्साइड हा पिवळा वायू सुटतो आणि तो स्वतःच स्फोटक आहे. त्याच कारणाने सल्फ्युरिक आम्लाच्या डेसिकेटरच्या आसपासही क्लोरेट आणू नका. अमोनियमची लवणंही दूर, मोहर सॉल्टसुद्धा. अमोनियम आणि क्लोरेट ओलाव्यात एकत्र आले की अमोनियम क्लोरेट तयार होऊ शकतो आणि तो आपोआप उडू शकतो. दमट हवेत पाझरणाऱ्या दोन बाटल्या शेजारी ठेवणं आपल्याकडे म्हणूनच जास्त धोक्याचं.

रजिस्टरला तारीख, शिल्लक ग्रॅममध्ये आणि दोन सह्या. दर महिन्याला वजन करा. वजन कमी भरलं तर चौकशी करायची, आणि वाढलं तरीही. वाढलं म्हणजे झाकण हवा घेतं आहे.

हाताळणं

क्लोरेट खलात घोटायचा नाही. ढेप झाली असेल तर चाकूने किंवा स्पॅच्युलाने फोडायची नाही. हवं असेल तर ढेप पाण्यात विरघळवा. चमचा स्वच्छ, प्लास्टिकचा, फक्त त्याच्यासाठी राखलेला. बाहेर काढलेलं उरलं तर बाटलीत परत टाकायचं नाही, कारण त्याच्याबरोबर काय परत जाईल ते सांगता येत नाही.

स्फटिकजल कसं निघतं हे वर्गात दाखवायचं असेल तर मोरचूद घ्या. बॉइलिंग ट्यूबमध्ये थोडे निळे खडे, ट्यूब तोंडाकडे किंचित खाली झुकलेली, म्हणजे वर जमलेलं पाणी तापलेल्या काचेवर उलट येऊन ती तडकत नाही. मंद आचेवर निळा रंग फिका होत जातो, तोंडाशी थेंब धरतात, आणि २०० अंशाच्या पुढे सगळं पांढरं होतं. गार झाल्यावर पाण्याचा एक थेंब टाकला की निळं परत येतं, ट्यूब हाताला गरम लागते. जूनमध्ये तो थेंबही टाकावा लागत नाही. उघडी ठेवली तर पांढरी पूड हवेतलं पाणी घेऊन हळूहळू निळसर होत जाते.

हाच प्रयोग क्लोरेटवर कधीही करू नका. स्फटिकी क्लोरेट तापवला की आधी स्वतःच्या पाण्यात वितळतो, मग पाणी जातं, आणि आणखी तापवत नेला की ऑक्सिजन सुटतो, काही क्लोरेटमधून क्लोरिनही. तेवढ्यात ट्यूबमध्ये धूळ, बुचाचा तुकडा किंवा कागदाचा कण पडला तर स्फोट होतो. ऑक्सिजन करून दाखवायची जुनी पद्धत पोटॅशियम क्लोरेट आणि मँगनीज डायऑक्साइडची होती. त्यात मँगनीज डायऑक्साइड समजून दुसरीच काळी पूड घातल्यामुळे अपघात झालेले आहेत. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि मँगनीज डायऑक्साइड घ्या. ऑक्सिजन तितकाच मिळतो आणि तापवावं लागत नाही.

पॅरिसजवळ एसोनला १७८८ मध्ये बर्थोले या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने बंदुकीच्या दारूत सोऱ्याऐवजी पोटॅशियम क्लोरेट घालण्याचा प्रयत्न केला तेव्हा स्फोटात दोन माणसं गेली. प्रयोग करणारी तर जाणकार माणसं होती, लावाझिएही तिथे हजर होता.

सांडलं तर

कोरडा पदार्थ सांडला तर प्लास्टिकच्या सुपलीने उचला आणि जागा भरपूर पाण्याने धुवा. लाकडाचा भुसा, कापूस, जुनं फडकं यांनी पुसायचं नाही. पुसलेलं फडकं बादलीत पडून राहतं, ऑक्टोबरच्या उन्हात वाळतं, आणि मग ठिणगीची किंवा घासण्याचीच वाट बघतं. अ‍ॅप्रनवर द्रावण उडालं तर अ‍ॅप्रन लगेच काढा, भरपूर पाण्यात खळबळून धुवा, आणि मगच वाळत घाला. १९३० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये शेतकरी तणावर सोडियम क्लोरेट फवारत असत. द्रावणाने भिजलेल्या विजारी शेकोटीसमोर वाळायला टांगल्या की पेट घेत, आणि त्यात माणसं भाजली. अंगावर ओलं असेपर्यंत कुणाला काही जाणवत नसे.

फळीवर गोल डाग सापडला तर फळी नुसती पुसून पुन्हा वापरू नका. ती ओलीच ठेवा, भरपूर पाण्याने पुन्हा पुन्हा धुवा, आणि नंतर प्रयोगशाळेतून काढून टाका. खिळा ठोकायचा नाही, करवत लावायची नाही, आणि जळणाला तर मुळीच न्यायची नाही.

आग लागली तर कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आणि वाळू इथे फार कामाची नाहीत. ती हवा तोडतात, पण क्लोरेटजवळ स्वतःचा ऑक्सिजन असतो. भरपूर पाणी हेच साधन. मुलांना आधी बाहेर काढा, १०१ ला फोन करा आणि कपाटात क्लोरेट आहे हे अग्निशामक दलाच्या माणसांना पहिल्याच वाक्यात सांगा.

पोटात गेलं तर वाट बघू नका. क्लोरेट रक्तातल्या हिमोग्लोबिनचं मेथेमोग्लोबिन करतो, मग रक्त ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही. ओठ निळसर पडतात, तांबड्या पेशी फुटतात, मूत्रपिंडं बिघडतात. हे लगेच दिसेलच असं नाही, म्हणून मूल 'बरं वाटतंय' म्हणालं तरी १०८ बोलवा आणि बाटली किंवा तिच्या लेबलचा फोटो बरोबर द्या. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांना नेमकं काय गेलं ते कळलं की उपचार लवकर सुरू होतात.

जुनी बाटली सापडली तर

जुन्या शाळांच्या कपाटांत मागच्या बाजूला लेबल उडालेली, झाकणाला खपली धरलेली एखादी बाटली निघतेच. झाकण फिरवून बघू नका. ती उभी तशीच, धक्का न देता, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये आहे त्या जागी राहू द्या, खोलीला कुलूप लावा, आणि मुख्याध्यापकांना लेखी कळवा. बेसिनमध्ये ओतून टाकायची नाही: गटारात काय आहे ते आपल्याला माहीत नसतं, आणि आपल्या विहिरी फार लांब नसतात. विल्हेवाटीसाठी गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे विचारून अधिकृत संस्थेमार्फतच द्या. पत्रात पदार्थाचं नाव, अंदाजे वजन, बाटलीची स्थिती आणि फोटो घाला. हे पत्र एप्रिलमध्येच गेलेलं बरं, म्हणजे पाऊस सुरू व्हायच्या आत बाटली हललेली असेल.